टेहळणीचा ड्रोन युद्धात नेमकं काय करतो?

विचारलं आहे ते थोडक्यात असं: आपल्याकडे आता मोठे ड्रोन येताहेत, पलटणींकडे छोटेही आलेत, उपग्रह तर आहेतच. मग सीमेपलीकडची प्रत्येक हालचाल दिसायला काय हरकत आहे? आणि दहशतवाद्यांच्या मागावर जसा ड्रोन वापरतात, तसाच तो दुसऱ्या देशाच्या खड्या सैन्याविरुद्ध वापरता येतो का?

माझा कल आधीच सांगून ठेवतो. मी तोफखान्यातला. देवळालीच्या तोफखाना शाळेत शिकलो आणि पुढची बरीच नोकरी सॅटा रेजिमेंटमध्ये काढली. सॅटा म्हणजे टेहळणी करून लक्ष्य हुडकणारी तोफखान्याची शाखा. आपल्या लष्करात ड्रोन आले तेव्हा ते याच शाखेच्या हाती पडले. २०२१मध्ये त्यातले मोठे ड्रोन आर्मी एव्हिएशनकडे गेले. वैमानिक ड्रोनकडे विमान म्हणून बघतो. आम्ही त्याच्याकडे उंचावर बसवलेला ओपी म्हणून बघत आलो. ओपी म्हणजे निरीक्षण चौकी. तिथला अधिकारी दुर्बिणीतून लक्ष्य शोधतो, मागे तोफांना कळवतो, पहिला गोळा कुठे पडला ते सांगून मारा नेमका करून घेतो. उत्तर याच अंगाने जाईल.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे, ते उरकून टाकू. तसाच वापरता येत नाही. अफगाणिस्तानात अमेरिकेचा प्रिडेटर एकाच वाडीवर तासन्‌तास घिरट्या घालू शकायचा, कारण त्या उंचीवर त्याला पाडेल असं खाली कुणाकडे काही नव्हतं. खड्या सैन्याकडे रडार असतं, क्षेपणास्त्रं असतात, लढाऊ विमानं असतात आणि रेडिओ लहरी गुदमरवून टाकणारे जॅमर असतात. ७ जून २००२ रोजी लाहोरजवळ आपला सर्चर हा ड्रोन पाकिस्तानी हवाई दलाने पाडला. २० जून २०१९ रोजी होर्मुझच्या सामुद्रधुनीवर इराणने अमेरिकेचा ग्लोबल हॉक पाडला. तो तर प्रवासी विमानांच्याही वर उडणारा. २०२५च्या मार्च-एप्रिलमध्ये येमेनच्या हूथी बंडखोरांनी साधारण सहा आठवड्यांत अमेरिकेचे सात रीपर ड्रोन पाडले, आणि हूथींचं सैन्य कुठल्याही मोठ्या देशाच्या सैन्याच्या तुलनेत काहीच नाही. म्हणून खड्या सैन्यासमोर मोठा ड्रोन शत्रूच्या डोक्यावर जाऊन बसत नाही. तो बहुतेक वेळा आपल्याच हद्दीत, आपल्या रडारच्या आणि क्षेपणास्त्रांच्या छत्राखाली राहून पलीकडे आडवं बघतो. हा फरक एकदा ध्यानात आला की पुढच्या अर्ध्या गोष्टी आपोआप कळतात.

आता पहिला प्रश्न, जो खरा मोठा आहे. सगळं का दिसत नाही?

आमच्या धंद्यात ‘दिसलं’ या शब्दाच्या तीन पायऱ्या आहेत. काहीतरी आहे, एवढं कळणं ही पहिली. ते वाहन आहे आणि ट्रक नसून रणगाडा आहे, हे कळणं ही दुसरी. तो नेमका कुठल्या बनावटीचा रणगाडा आहे, हे कळणं तिसरी. अमेरिकी सैन्याच्या प्रयोगशाळेत जॉन जॉन्सन नावाच्या शास्त्रज्ञाने १९५८मध्ये या पायऱ्यांना आकडे लावले आणि आजही प्राथमिक हिशेब त्यावरच होतो. लक्ष्याच्या लहान बाजूवर साधारण दोन पिक्सेल पडले तर ‘काहीतरी आहे’ हे कळतं. आठ पडले तर प्रकार कळतो. तेरा पडले तर बनावट. तेही पन्नास टक्के वेळा. उरलेल्या वेळी बघणारा चुकतो.

हिशेब करून बघा. रणगाड्याची उंची सव्वादोन मीटरच्या आसपास. तिच्यावर तेरा पिक्सेल पाडायचे तर एका पिक्सेलमध्ये सतरा-अठरा सेंटिमीटरहून जास्त जागा येता कामा नये. एचडी कॅमेऱ्याच्या चित्रात आडवे १,९२० पिक्सेल असतात. म्हणजे बनावट ओळखण्याइतका झूम केला की पडद्यावर जेमतेम साडेतीनशे मीटर रुंद आणि दोनशे मीटर उंच एवढाच तुकडा मावतो. दहा किलोमीटर लांब आणि दहा रुंद असा एखाद्या ब्रिगेडसमोरचा मुलूख या पद्धतीने चाळायचा तर सुमारे दीड हजार तुकडे बघावे लागतात. एका तुकड्यावर दहा सेकंद थांबलं तरी चार तास जातात, आणि तोवर पहिल्या तुकड्यातली गाडी कधीच दुसरीकडे गेलेली असते. वाड्यात लग्न लागलंय आणि आपण दाराच्या फटीतून बघतोय, तशी अवस्था. जे दिसतं ते अगदी स्पष्ट दिसतं, पण शेजारी काय चाललंय त्याचा पत्ता नसतो.

म्हणून ड्रोनला ‘बघ’ म्हणून कुणी आकाशात सोडत नाही. ‘इथे बघ’ असं सांगावं लागतं, आणि ते ‘इथे’ दुसऱ्या कुणीतरी सांगावं लागतं. उपग्रहाच्या कालच्या आणि आजच्या चित्रात पडलेला फरक, शत्रूच्या रेडिओ संभाषणाची पकडलेली दिशा, तोफा हुडकणाऱ्या रडारने दिलेला बिंदू, पुढच्या चौकीवरच्या जवानाला रात्री ऐकू आलेला इंजिनचा आवाज. मोठ्या ड्रोनवर सिंथेटिक अपर्चर रडार असेल तर तो ढगांतून आणि रात्रीही रुंद पट्टा बघतो आणि हलणाऱ्या गाड्या वेगळ्या काढून दाखवतो. मग कॅमेरा नेमका तिथे वळवायचा. आधी रुंद बघणारं साधन, मग बारीक बघणारं. हा क्रम उलटा लावणारे लोक दिवसभर पडद्याकडे डोळे लावून बसतात आणि संध्याकाळी हाती काही नसतं.

थर्मल कॅमेऱ्याबद्दलही लोकांचा फार गैरसमज असतो. तो उष्णता बघतो म्हणजे उष्णतेतला फरक बघतो. सूर्य उगवल्यानंतर आणि मावळल्यानंतर थोड्या वेळासाठी लोखंड, दगड आणि माती यांचं तापमान जवळजवळ सारखं होतं. त्या वेळी बंद उभा असलेला रणगाडा जमिनीत विरघळून जातो. उलट थंड रात्री चालू जनरेटर, बंकरचं धुराडं, नुकताच येऊन थांबलेला ट्रक हे सगळं ठळकपणे चमकतं. बर्फात तर आणखी मजा. माणसं राहत असलेल्या संगरच्या, म्हणजे दगड रचून केलेल्या मोर्चाच्या कडेचा बर्फ वितळतो, रिकाम्या संगरचा नाही. हे सगळं यंत्र सांगत नाही, यंत्रासमोर बसलेला हवालदार सांगतो. चांगल्या इमेज इंटरप्रिटरची, म्हणजे चित्रं वाचणाऱ्या माणसाची नजर नगांपेक्षा बदलावर असते: काल या वळणावर चाकोऱ्या नव्हत्या, आज आहेत; रसदेच्या गाड्या परवापर्यंत दोन यायच्या, आता पाच येतात पण माणसं वाढलेली दिसत नाहीत, मग गाड्यांत काय येतंय? असा माणूस तयार व्हायला वर्षं लागतात, आणि बदलीच्या यादीत तो सहज दुसरीकडे जातो. माझं ठाम मत आहे की आपण विमानांच्या संख्येवर जितकं बोलतो त्याच्या दहाव्या हिश्शाने तरी या माणसांच्या संख्येवर बोलायला हवं.

बघणं आणि समजणं यांतली दरी किती जीवघेणी असू शकते, याचं उदाहरण अफगाणिस्तानातल्या उरुझगानचं आहे. २१ फेब्रुवारी २०१०ला प्रिडेटरच्या चालकदलाने तीन वाहनांच्या ताफ्याचा पहाटेपासून पाठलाग केला. विमान चालवणारे नेवाडात होते, चित्रं तपासणारे फ्लोरिडात. तपासणाऱ्यांनी ताफ्यात मुलं असल्याचं कळवलं होतं. पण ती माहिती पुढे जाता जाता पातळ होत गेली आणि हल्ला झाला. अमेरिकेच्याच चौकशीत २३पर्यंत नागरिक मेल्याचं आलं. कॅमेरा व्यवस्थित चालत होता. बिघडली ती वाट, ज्या वाटेने ‘मुलं आहेत’ हे वाक्य निर्णय घेणाऱ्यापर्यंत पोचायचं होतं.

खड्या सैन्याच्या लढाईत हीच वाट मिनिटांत मोजली जाते. १९८२मध्ये लेबनॉनच्या बेका खोऱ्यात इस्रायलने मॅस्टिफ आणि स्काउट हे छोटे ड्रोन वापरून सीरियाच्या क्षेपणास्त्र तळांवर आधी डोळा ठेवला आणि मग ९ जूनला ते तळ उद्ध्वस्त केले. त्या ड्रोनचे कॅमेरे आजच्या मोबाइलसमोर केविलवाणे वाटतील. पण चित्र थेट हल्ला चालवणाऱ्याच्या हाती येत होतं. त्याच्या आधी अमेरिकेने व्हिएतनाममध्ये ड्रोनच्या हजारो फेऱ्या केल्या होत्या. त्यांतल्या बऱ्याच फेऱ्यांत फिल्म परत आणून धुवावी लागायची. इस्रायलने जिंकलं ते या मधल्या वेळात.

युक्रेनमध्ये हेच मोठ्या प्रमाणावर दिसलं. रशियाचा ऑर्लन-१० हा दिसायला हौशी लोकांच्या विमानासारखा. पाडलेल्या काही ऑर्लनमध्ये तर दुकानात मिळणारा कॅनन कॅमेरा बसवलेला सापडला. पण लंडनच्या ‘रुसी’ या संरक्षण अभ्यास संस्थेने २०२२च्या अनुभवावर लिहिलं की ऑर्लन वर असेल तर रशियन तोफखान्याचा मारा लक्ष्य दिसल्यापासून तीन ते पाच मिनिटांत यायचा. एवढ्या वेळात तोफ उचलून जागा बदलणंही कठीण. मे २०२२मध्ये बिलोहोरिव्काजवळ सिव्हर्स्की दोनेत्स नदीवर रशियाने तरंगते पूल टाकले, तेव्हा हाच धडा युक्रेनने रशियाला दिला. ड्रोनमधून पूल दिसत होते, तोफा तयार होत्या, आणि नदीच्या दोन्ही काठांवर जळालेल्या गाड्यांची रांग लागली.

या तीन-पाच मिनिटांत काय काय बसतं बघा. लक्ष्य दिसतं. त्याचे निर्देशांक काढावे लागतात. ते मारा नियंत्रण केंद्रात जातात, तिथे कुणीतरी ‘आपली माणसं तर तिथे नाहीत ना’ हे तपासतं, तोफेला आकडे मिळतात, तोफ वळते, आणि वीस किलोमीटरवर गोळा पोचायलाच मिनिटभर लागतो. यातला प्रत्येक टप्पा फोनवर बोलून आणि कागदावर लिहून होत असेल तर वरचा ड्रोन कितीही महागडा असो, तीस मिनिटं कुठे गेली नाहीत.

निर्देशांकांवर थोडं थांबतो, कारण बाहेरच्या लोकांना ही भानगड माहीत नसते. समजा ड्रोन जमिनीपासून तीन किलोमीटर उंच आहे आणि तिरक्या रेषेत दहा किलोमीटरवर असलेलं लक्ष्य बघतोय. कॅमेऱ्याच्या कोनात फक्त ०.२ अंशाची चूक असेल, तर दृष्टिरेषेला काटकोनात ती पस्तीस मीटर होते. पण रेषा जमिनीला इतकी चपटी भिडते की जमिनीवर तीच चूक एकशेपंधरा मीटरच्या घरात जाते. सपाट मुलखात. डोंगरात उतार कुठल्या बाजूला आहे त्यावर ती आणखी वाढते. लेझर अंतरमापक असेल तर हा त्रास पुष्कळ कमी होतो, म्हणून आम्ही खरेदीच्या वेळी मेगापिक्सेल विचारत नाही, लेझर आहे का आणि निर्देशांकांत किती मीटरची चूक येते ते विचारतो. शिवाय नकाशाचा जुना घोळ असतोच. सर्व्हे ऑफ इंडियाचे जुने नकाशे पृथ्वीच्या आकाराच्या जुन्या मापावर, एव्हरेस्ट लंबगोलावर बेतलेले, ड्रोनचं जीपीएस डब्ल्यूजीएस-८४ या नव्या मापावर चालतं; आकडे न बदलता एकावरून दुसऱ्यावर नेले तर शंभर मीटर आणि वर फरक पडतो. तोफेचा गोळा चुकीच्या नाल्यात पडायला तेवढं पुरे. अर्थात ओपीसारखंच, पहिला गोळा पडल्यावर ड्रोनमधून दुरुस्ती देता येते, आणि तोफखान्याच्या दृष्टीने ड्रोनचा सगळ्यात मोठा उपयोग तोच. दुसऱ्या-तिसऱ्या गोळ्यात काम होतं, दारूगोळा वाचतो.

कारगिलची गोष्ट इथे सांगायलाच हवी. १९९८-९९च्या हिवाळ्यात उंचावरची ठाणी नेहमीप्रमाणे खाली उतरवली होती. मधल्या काळात हेलिकॉप्टरमधून हिवाळी टेहळणी व्हायची, पण बर्फात पांढरे कपडे घातलेली माणसं उडत्या हेलिकॉप्टरच्या खिडकीतून दिसणं फार अवघड. मे १९९९च्या सुरुवातीला बटालिकच्या भागात हरवलेला याक शोधायला निघालेल्या ताशी नामग्याल या मेंढपाळाला घुसखोर दिसले. २१ मेला छायाचित्रणासाठी गेलेल्या हवाई दलाच्या कॅनबेरा विमानाला क्षेपणास्त्र लागलं; वैमानिकांनी जखमी विमान श्रीनगरला उतरवलं ही त्यांची कमाल. पुढच्या लढाईत तोफखान्याचे ओपी अधिकारी पायदळाबरोबर कडे चढत होते, कारण मागच्या उताराकडे बघणारा दुसरा डोळा नव्हता.

नंतर के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखालच्या कारगिल आढावा समितीने ड्रोनबद्दल लिहिलं ते मुळातून वाचण्यासारखं आहे. सैन्याकडे मैदानी मुलखासाठी ड्रोन नुकतेच आलेत, उंच पहाडांसाठीही ते घ्यावेत, ही शिफारस सगळ्यांच्या लक्षात राहिली. पण त्याला लागूनच समितीने म्हटलं होतं की ड्रोनमधून मिळालेली चित्रं संबंधित गुप्तवार्ता यंत्रणांपर्यंत लवकरात लवकर जातील अशी कायमची व्यवस्था लावावी. पहिल्या भागासाठी पैसे लागतात, त्यामुळे त्याच्या बातम्या होतात. दुसऱ्या भागासाठी तीन दलांनी, अनेक यंत्रणांनी आपापली कुंपणं थोडी खाली करावी लागतात. पंचवीस वर्षांत त्यात बरीच सुधारणा झाली आहे. पुरेशी झाली का, यावर मेसमध्ये अजून वाद होतात.

उंच पहाड ड्रोनला का जड जातो, तेही सांगतो. समुद्रसपाटीवरच्या हवेच्या तुलनेत पाच हजार मीटरवर हवेची घनता साधारण साठ टक्केच राहते. तेवढंच वजन पेलायला क्वाडकॉप्टरचे पंखे तीस टक्के जोरात फिरवावे लागतात, बॅटरी तितकी लवकर उतरते, आणि थंडीत बॅटरी मुळातच कमी देते. त्यात लडाखला दुपारनंतर वारा सुटतो. माहितीपत्रकावर चाळीस मिनिटं लिहिलेली असतील तर वरच्या चौकीवर त्यातली निम्मी धरून चालावं. मोठ्या ड्रोनची अडचण वेगळी. त्याची साधी डेटालिंक, म्हणजे जमिनीशी जोडणारा रेडिओ दुवा, नजरेच्या रेषेत चालते. तीन हजार मीटर उंचीवरच्या ड्रोनला सपाट मुलखात दोनशे किलोमीटरहून अधिक अंतरावरून बोलता येतं, पण मध्ये डोंगराची धार आली की चित्र गेलं. मग दुसरा ड्रोन मध्यस्थ म्हणून उडवा किंवा उपग्रहाचा दुवा घ्या. आणि आपल्या हद्दीत राहून आडवं बघायचं म्हटलं की पलीकडची प्रत्येक दरी पुढच्या धारेच्या सावलीत जाते. डिसेंबर २०१७मध्ये आपला एक ड्रोन सिक्कीमच्या बाजूने संपर्क तुटून चीनच्या हद्दीत जाऊन पडला आणि चीनने निषेध नोंदवला. शांततेच्या काळातही सीमेजवळ उडण्याची ही किंमत असते.

समुद्रावर या अडचणी जवळजवळ नाहीशा होतात. म्हणूनच ऑक्टोबर २०२४मध्ये करार झालेल्या ३१ एमक्यू-९बी या मोठ्या अमेरिकी ड्रोनपैकी १५ नौदलाचे आहेत, लष्कर आणि हवाई दलाचे आठ-आठ. त्याआधी नौदलाने २०२०च्या अखेरीस दोन भाड्याने घेऊन तमिळनाडूत अरक्कोणमच्या आयएनएस राजाळीवरून उडवले होते. त्यातला एक सप्टेंबर २०२४मध्ये बंगालच्या उपसागरात पडला. मार्च २०२४ची एमव्ही रुएनची कारवाई मला या सगळ्या विषयावरचा उत्तम धडा वाटते. सोमाली चाच्यांनी बळकावलेलं जहाज भारताच्या किनाऱ्यापासून सुमारे २,६०० किलोमीटरवर. आयएनएस कोलकाता या युद्धनौकेने आपला छोटा ड्रोन उडवून जहाजावर हत्यारबंद चाचे असल्याची खात्री करून घेतली. चाच्यांनी तो ड्रोन पाडला. त्याने काही बिघडलं नाही; खात्री झालेली होती, आणि वर नौदलाचा उंच उडणारा मोठा ड्रोन आणि सागरी टेहळणीचं पी-८आय विमान होतंच. चाळीस तासांनी ३५ चाचे शरण आले, १७ खलाशी सुटले, आणि चाच्यांना मुंबईत आणून पोलिसांच्या ताब्यात दिलं. मोठा डोळा दूर आणि सुरक्षित, छोटा डोळा जवळ आणि गमावता येण्याजोगा. जमिनीवरही रचना अशीच हवी.

‘गमावता येण्याजोगा’ हे पचवणं आपल्या व्यवस्थेला सगळ्यात कठीण जातं. रुसीच्याच अंदाजाप्रमाणे २०२३मध्ये युक्रेन महिन्याला सुमारे दहा हजार ड्रोन गमावत होता. २०२२मध्ये एक क्वाडकॉप्टर सरासरी तीन फेऱ्या टिकायचा, पंखांचा छोटा ड्रोन सहा. बहुतेक ड्रोन गोळीने पडले नाहीत. जॅमिंगने दिशा चुकले, संपर्क तुटून भरकटले. युक्रेनचा सुरुवातीला गाजलेला मोठा तुर्की ड्रोन बायराक्तार, रशियाने हवाई संरक्षण नीट मांडल्यावर आघाडीवरून बाजूला झाला. आता आपल्याकडचं चित्र बघा. एक छोटा ड्रोन पडला की कंपनी कमांडरला चौकशी, नोंदी, नुकसानीचा कागद. साहजिकच तो वारा असला की उडवत नाही, जॅमिंगची शंका असली की उडवत नाही, आणि सरावात पेटीतून काढून फोटोपुरता दाखवून परत ठेवतो. ड्रोनला दुर्बिणीसारखं टिकाऊ सामान न मानता काडतुसासारखं खर्चाचं सामान मानलं, तरच माणसं तो उडवायला शिकतील. हे धोरण कागदावर आणणं कुठल्याही नव्या खरेदीपेक्षा स्वस्त आहे.

मोठ्या ड्रोनचं गणित वेगळं. एका जागेवर चोवीस तास नजर ठेवायची तर एक विमान पुरत नाही. एक वर, एक जाण्या-येण्याच्या वाटेत, एक तयारीत, एक दुरुस्तीत. अमेरिकी हवाई दल अशा एका अखंड पहाऱ्यामागे चार विमानं आणि दहाच्या आसपास वैमानिक धरायचं. चित्र बघणारी माणसं याहून किती तरी जास्त. आठ विमानं म्हणजे आठ डोळे असं वाचकांना वाटतं. कामात ते दोन अखंड डोळे असतात.

शत्रूही गप्प बसत नाही. युक्रेनने २०२२मध्ये हिमार्स या अमेरिकी रॉकेट लाँचरच्या लाकडी प्रतिकृती बनवल्या. रशियन ड्रोननी त्या पाहिल्या, कळवल्या, आणि कालिब्रसारखी महागडी क्षेपणास्त्रं त्या लाकडांवर खर्च झाली. नागोर्नो-काराबाखमध्ये २०२०ला अझरबैजानने जुनी एएन-२ विमानं माणसांशिवाय पुढे पाठवली, अर्मेनियाच्या हवाई संरक्षणाने रडार चालू करून त्यांच्यावर मारा केला, आणि त्यामुळे त्याच्या जागा वरच्या ड्रोनना कळल्या. ऑगस्ट २०२४मध्ये रशियाच्या कुर्स्क प्रांतावरच्या हल्ल्याच्या वेळी तर सगळं जग म्हणत होतं की आता युद्धभूमी पारदर्शक झाली, अचानक हल्ला अशक्य. युक्रेनने तो केला. आधी गुप्तता कडक पाळली, सैन्य जमवण्याला वेगळीच कारणं दिली, मग रशियाचे टेहळणी ड्रोन छोट्या इंटरसेप्टर ड्रोननी पाडले आणि जॅमिंग करत पुढे सरकले. समोरच्याचा डोळा काही तासांसाठी बंद करता आला की अचानक हल्ला आजही जमतो. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर बरंचसं इथे आहे.

एक घरगुती रोग राहिला. थेट चित्र मुख्यालयात आलं की सगळ्यांना ते बघायचं असतं. भिंतीवर मोठा पडदा, समोर वरिष्ठ, आणि कुणीतरी म्हणतं, ‘जरा डावीकडे घ्या.’ ज्या कंपनीसाठी ड्रोन उडवला होता तिचा नाला पडद्याबाहेर जातो. सरळ शिस्त अशी हवी की उड्डाणाआधी प्रश्न लिहून द्यायचा: अमुक पुलावरून रात्री दहा ते पहाटे चार या वेळात रणगाडे वाहणारे ट्रेलर जातात का, आणि कुठल्या दिशेने? असा प्रश्न असेल तर उत्तर हो किंवा नाही मिळतं आणि विमान दुसऱ्या कामाला मोकळं होतं. ‘भागावर लक्ष ठेवा’ हा आदेश म्हणजे आदेशच नव्हे. आणि ज्याच्यासाठी उड्डाण आहे, त्याच्याखेरीज कुणी कॅमेरा वळवायचा नाही.

छोट्या ड्रोनबद्दल दोन शब्द, कारण तिथे खरी हालचाल चालू आहे. नवी मुंबईतल्या महापे इथल्या आयडियाफोर्जला जानेवारी २०२१मध्ये लष्कराने ‘स्विच’ या ड्रोनची मोठी ऑर्डर दिली. सरळ वर उठणारा आणि मग पंखांवर उडणारा हा ड्रोन धावपट्टीशिवाय पहाडात वापरता येतो, म्हणून तो आपल्याला सोयीचा. जुलै २०२५मध्ये लष्करप्रमुखांनी पायदळाच्या पलटणींतल्या ड्रोन प्लाटूनची माहिती दिली; या प्लाटूनना ‘अश्नी’ म्हणतात. दिशा बरोबर आहे. त्यात माझ्या दोन काळज्या आहेत. पहिली सुट्या भागांची. फेब्रुवारी २०२५मध्ये चिनी भाग आढळल्याने चारशे सामानवाहू ड्रोनचे करार रद्द करावे लागले. टेहळणीच्या ड्रोनमध्ये तर रेडिओ आणि फ्लाइट कंट्रोलर (उड्डाण सांभाळणारा छोटा संगणक) कुणाचा, हा पहिला प्रश्न. युक्रेनमध्ये दोन्ही बाजू चिनी डीजेआय कंपनीचे ड्रोन वापरत होत्या, आणि त्याच कंपनीचं एरोस्कोप नावाचं यंत्र हवेतल्या ड्रोनची जागा तर दाखवायचंच, तो उडवणारा कुठे उभा आहे हेही दाखवायचं. तिथे पुढचा गोळा पडायचा.

दुसरी काळजी माणसांची. प्लाटूनमधल्या पोराला उडवायला चार आठवड्यांत शिकवता येतं. थर्मल चित्रात खोटा रणगाडा ओळखायला, जीपीएस गेल्यावर नाले-ओढे बघून ड्रोन परत आणायला, उडवताना स्वतः अँटेनापासून लांब बसायला आणि जे दिसलं ते तोफखान्याच्या भाषेत तीस सेकंदांत सांगायला त्याहून खूप वेळ लागतो. नाशिक रोडला आर्मी एव्हिएशनची प्रशिक्षण शाळा आहे, देवळाली तिथून हाकेच्या अंतरावर आहे. उडवणारा आणि मारा करणारा या दोघांना पहिल्या महिन्यापासून एकाच मैदानावर, जॅमर चालू ठेवून शिकवायला भूगोलाची तरी काही आडकाठी नाही.